उधारीतलं किती बुडणार? कंपनीची संशयित येण्यांची तरतूद कशी तपासायची

ताळेबंदात 'व्यापारी येणी' अशी एक ओळ असते आणि तिच्यासमोर एकच आकडा छापलेला असतो. नवखा वाचक तो आकडा म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे असं धरून पुढे सरकतो. खरं तर ते एका वजाबाकीचं उत्तर असतं. पैसे यायचे बाकी असलेल्या सगळ्या बिलांची बेरीज घ्यायची आणि 'यातलं एवढं काही यायचं नाही' असं कंपनीला स्वतःला वाटतं तेवढं त्यातून वजा करायचं. पहिला आकडा बिलांवरून येतो, तो मोजता येतो. दुसरा निव्वळ अंदाज असतो, आणि ज्यांचा बोनस त्या वर्षीच्या नफ्यावर ठरतो तीच माणसं बहुतेक वेळा तो करतात.

या अंदाजाला संशयित येण्यांची तरतूद म्हणतात. वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत 'संशयित कर्ज निधी' किंवा नुसतं आर.डी.डी. (रिझर्व्ह फॉर डाउटफुल डेट्स) असं भेटतं. त्यातला 'निधी' हा शब्द मात्र घोळ घालतो. वाटतं, कुठल्या तरी खात्यात पैसे बाजूला काढून ठेवलेत. तसं काहीही नसतं. नफ्यातून एक खर्च वजा दाखवायचा आणि येणी तेवढीच कमी दाखवायची, एवढीच ती नोंद. तिला ना माल लागतो, ना चेक, ना पावती. रोकड जागची हलत नाही. म्हणून ती फुगवणंही सोपं आणि आकसवणंही सोपं, आणि म्हणूनच ती तपासायची.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एक मनाने रचलेली कंपनी घेऊ. आकडे लाखांत आहेत.

| | वर्ष १ | वर्ष २ | वर्ष ३ |
|---|---|---|---|
| विक्री | ४,००० | ४,४०० | ४,७०० |
| एकूण येणी | ६०० | ७७० | ९९० |
| तरतूद | ३६ | ३८.५ | ४० |
| करपूर्व नफा | २०५ | २२० | २२६ |

वरवर पाहिलं तर बरी चाललेली कंपनी दिसते. विक्री वाढतेय, नफा वाढतोय, तरतूदसुद्धा दरवर्षी थोडी वाढतेय.

पायरी १: एकूण येणी शोधून काढा

ताळेबंदावर निव्वळ आकडा असतो. आपल्याला तरतूद वजा करण्यापूर्वीचा एकूण आकडा हवा, आणि तो टिपांमध्ये मिळतो. वार्षिक अहवालात 'व्यापारी येणी' या नावाची टीप उघडा. तिथे एकूण रक्कम, वजा तरतूद आणि निव्वळ रक्कम असा हिशेब मांडलेला असतो. वर्षभराहून उशिरा यायची येणी कधी कधी बिगरचालू मालमत्तेत वेगळी दाखवतात, तीही मिळवून घ्या. कर्मचाऱ्यांना दिलेल्या उचली, सरकारकडून यायचा कराचा परतावा, पुरवठादारांना दिलेला आगाऊ पैसा यांना इथे जागा नाही. 'काम झालंय पण बिल अजून लावलेलं नाही' अशी रक्कम वेगळ्या ओळीत असते. ती येण्यांत मिसळू नका, पण शेजारी लिहून ठेवा, पुढे लागेल.

सुरुवातीला मी निव्वळ आकड्यावरच टक्केवारी काढत असे. एकदा दोन कंपन्यांची तुलना करताना एकीचा आकडा टिपेतून उचलला आणि दुसरीचा ताळेबंदावरून. मग दुसरी फारच सावध कंपनी आहे असा निष्कर्ष दोन पानं भरून लिहिला. तरतूद मोठी असली की निव्वळ आकडा लहान होतो आणि टक्का आपोआप फुगतो. तेव्हापासून एकूण आकडा सापडल्याशिवाय मी कॅल्क्युलेटर हातात घेत नाही.

एका वर्षाच्या आकड्यावरून काही कळत नाही. किमान तीन, जमलं तर पाच वर्षांचे घ्या.

पायरी २: टक्का काढा आणि वाढीचे तीन वेग शेजारी ठेवा

तरतूद भागिले एकूण येणी. आपल्या कंपनीत पहिल्या वर्षी ६ टक्के, दुसऱ्या वर्षी ५ टक्के, तिसऱ्या वर्षी साधारण ४ टक्के.

आता दोन वर्षांतली वाढ पाहा. विक्री १७.५ टक्क्यांनी वाढली, येणी ६५ टक्क्यांनी, आणि तरतूद जेमतेम ११ टक्क्यांनी. विक्रीच्या जवळजवळ चौपट वेगाने उधारी वाढली आणि कंपनी म्हणतेय की बुडण्याचं प्रमाण कमी झालं. होऊ शकतं का? होऊ शकतं. पण तसं का, हे आता कंपनीने समजावून सांगायला हवं.

'योग्य टक्का किती?' असं नवखे लोक हमखास विचारतात. असा एक आकडा नाही. मोजक्या मोठ्या उद्योगांना माल देणाऱ्या कंपनीचा टक्का एकाहून कमी असू शकतो. हजारो छोट्या ग्राहकांना मासिक बिल लावणाऱ्या कंपनीचा त्याच्या कितीतरी पट असतो, आणि दोघींचंही बरोबर असू शकतं. तुलना कंपनीच्या स्वतःच्या भूतकाळाशी करा. त्यानंतर, गिऱ्हाईक आणि उधारीच्या अटी खरंच सारख्या असतील तर, त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीशी.

पायरी ३: उधारीचे दिवस

एकूण येणी भागिले विक्री गुणिले ३६५. पहिल्या वर्षी ५५ दिवस, दुसऱ्या वर्षी ६४, तिसऱ्या वर्षी ७७. म्हणजे बिल लावल्यापासून पैसे यायला सरासरी तीन आठवडे जास्त लागू लागलेत. पहिल्या वर्षाची गती कायम राहिली असती तर तिसऱ्या वर्षी येणी ७०५ असती. प्रत्यक्षात ९९० आहे. २८५ लाख जास्तीचे गिऱ्हाइकांकडे अडकलेत.

दोन खाचा आहेत. येण्यांमध्ये विक्रीवरचा कर धरलेला असतो, विक्रीच्या आकड्यात तो नसतो, त्यामुळे दिवस जरा जास्तच दिसतात. तुलना त्याच कंपनीची वर्षानुवर्षं करत असाल तर त्याने फारसं बिघडत नाही. दुसरी खाच हंगामाची. जिची निम्मी विक्री शेवटच्या तिमाहीत होते तिच्या वर्षअखेरच्या येण्यांना पूर्ण वर्षाच्या विक्रीने भागलं तर विनाकारण घाबरायला होतं. तिथे शेवटच्या तिमाहीची विक्री आणि ९० दिवस असं गणित करा.

उधारीचे दिवस वाढणं आणि तरतुदीचा टक्का घसरणं या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की मी बाकीचं वाचन बाजूला ठेवतो. दिवस एकटेच वाढले तर धंद्याच्या अटी बदलल्या असतील. टक्का एकटाच घसरला तर गिऱ्हाईक सुधारलं असेल. दोन्ही एकदम म्हणजे जुनी उधारी साचतेय आणि कंपनी तिच्याकडे पाहायचं टाळतेय, असा संशय घ्यायला जागा आहे. खोट्या हिशेबांची शक्यता जोखण्यासाठी मेसोद बेनिश यांनी १९९९ मध्ये जे मॉडेल मांडलं, त्यातलं पहिलं गुणोत्तर याच उधारीच्या दिवसांच्या वाढीचं आहे.

पायरी ४: तरतुदीची हालचाल वाचा

इथे सावकाश चला. टिपांमध्ये एक छोटा हिशेब असतो: सुरुवातीची शिल्लक, वर्षभरात खर्चात टाकलेली रक्कम, राइट-ऑफ केलेली रक्कम, परत घेतलेली रक्कम आणि अखेरची शिल्लक. अमेरिकी कंपन्यांच्या वार्षिक अहवालात हा हिशेब 'शेड्यूल टू' या नावाने स्वतंत्र सापडू शकतो. आयएफआरएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय हिशेब मानकं, पाळणाऱ्यांच्या अहवालात तो आर्थिक जोखमीच्या टिपेत असतो, म्हणजे कधी कधी येण्यांच्या टिपेपासून तीस-चाळीस पानं पुढे.

आपल्या कंपनीचा हिशेब असा. दुसऱ्या वर्षी सुरुवातीला ३६, खर्चात २२.५ टाकले, राइट-ऑफ २०, अखेर ३८.५. तिसऱ्या वर्षी सुरुवातीला ३८.५, खर्चात २८.५, राइट-ऑफ २७, अखेर ४०.

हे आकडे वाचण्याआधी राइट-ऑफ म्हणजे नेमकं काय ते पक्कं करू, कारण इथे जवळजवळ प्रत्येकजण एकदा तरी घसरतो. समजा तिसऱ्या वर्षअखेर कंपनीने आणखी १० लाखांचं येणं कायमचं वहीतून काढलं. एकूण येणी ९९० ची ९८० होईल. तरतूद ४० ची ३० होईल. निव्वळ येणी? आधी ९५०, नंतरही ९५०. नफ्यावर काहीच परिणाम नाही, कारण खर्च तरतूद केली त्या दिवशीच दाखवून झालेला होता. 'कंपनीने इतक्या लाखांचं येणं राइट-ऑफ केलं' अशी बातमी वाचून त्या वर्षीचा नफा तेवढ्याने घटला असं समजू नका. घाव आधीच बसून गेलेला असतो. निदान बसायला हवा होता.

आता हालचालीकडे परत. दुसऱ्या वर्षी राइट-ऑफपेक्षा खर्च २.५ ने जास्त होता, तिसऱ्या वर्षी फक्त १.५ ने. येणी मात्र त्या वर्षात २२० ने वाढली. म्हणजे वर्षभरात जे बुडालं त्याची जागा जेमतेम भरून काढली आणि नव्याने वाढलेल्या उधारीसाठी जवळजवळ काहीच ठेवलं नाही.

दुसरी कसोटी मागे वळून पाहायची. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ३६ ची तरतूद होती आणि वर्षात २० बुडाले, म्हणजे बुडालेल्या रकमेच्या १.८ पट तरतूद हाताशी होती. पुढच्या वर्षी ३८.५ विरुद्ध २७, म्हणजे १.४ पट. उशी पातळ होत चाललीय. हे गुणोत्तर एकाच्या खाली गेलं तर आदल्या वर्षीचा अंदाज उघडउघड चुकला होता. दोन-तीन वर्षं सलग एकाच बाजूने चुकत असेल तर त्याला चूक म्हणणं भाबडेपणाचं.

पण या कसोटीत एक चोरवाट आहे. राइट-ऑफ कधी करायचं हेही कंपनीच ठरवते. मेलेलं येणं वहीत जिवंत ठेवलं की राइट-ऑफचा आकडा लहान राहतो आणि तरतूद पुरेशी वाटते. आकडे नीट बसले म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. हिशेबाच्या धोरणाच्या टिपेत राइट-ऑफचा नियम काय लिहिलाय ते वाचा. 'वसुलीची वाजवी आशा उरली नाही की' असं मोघम वाक्य बहुतेक ठिकाणी असतं. काही कंपन्या दिवस सांगतात. गेल्या वर्षी जिथे १८० दिवस लिहिलं होतं तिथे या वर्षी ३६५ दिसलं तर खूण करून ठेवा.

काही कंपन्या बुडालेली रक्कम तरतुदीतून न नेता थेट नफा-तोटा पत्रकात टाकतात. मग खर्चाच्या यादीत 'बुडीत येणी' आणि 'संशयित येण्यांची तरतूद' अशा दोन ओळी दिसतात. दोन्हींची बेरीज करा, नाहीतर खर्च अर्धाच दिसेल. आणि इतर उत्पन्नाची टीपही चाळा. 'आता गरज नसलेली तरतूद परत घेतली' अशी एक नम्र ओळ तिथे बसलेली असते, आणि तेवढ्याच रकमेने नफा वाढलेला असतो. तिमाही निकालांत सविस्तर टिपा नसतात. तेव्हा सोबत रोख प्रवाह पत्रक दिलेलं असेल तर त्यात पाहा. रोख नसलेला खर्च म्हणून तरतूद तिथे नफ्यात परत मिळवलेली असते, त्यामुळे निदान खर्चाचा आकडा हाती लागतो.

पायरी ५: उधारीचं वय

तरतुदीचा एकूण टक्का म्हणजे सरासरी, आणि सरासरीत बरंच काही लपतं. मुदतीतलं येणं आणि वर्षभर रखडलेलं येणं यांना एकाच तराजूत घालण्यात अर्थ नाही. म्हणून कंपन्या येणी वयानुसार गटांत वाटतात आणि प्रत्येक गटाला वेगळा टक्का लावतात. या तक्त्याला तरतुदीचा मॅट्रिक्स म्हणतात. आयएफआरएस ९ मध्ये व्यापारी येण्यांसाठी ही सोपी पद्धत मुद्दाम दिलेली आहे, आणि ती वापरणाऱ्या बऱ्याच कंपन्या तक्ता टिपांमध्ये छापतात.

आपल्या कंपनीने दुसऱ्या वर्षी छापलेला तक्ता असा होता असं धरू. शेवटच्या रकान्यात तिसऱ्या वर्षीची येणी मी शेजारी मांडली आहे.

| थकल्याचे दिवस | वर्ष २ येणी | टक्का | तरतूद | वर्ष ३ येणी |
|---|---|---|---|---|
| मुदतीत | ४८० | ०.५ | २.४ | ५४० |
| १ ते ३० | १४० | २ | २.८ | १९० |
| ३१ ते ६० | ७० | ४ | २.८ | ११० |
| ६१ ते ९० | ३५ | १० | ३.५ | ६० |
| ९० हून जास्त | ४५ | ६० | २७ | ९० |
| एकूण | ७७० | | ३८.५ | ९९० |

आता कंपनीचेच गेल्या वर्षीचे टक्के तिसऱ्या वर्षीच्या येण्यांना लावा. मुदतीतल्यांवर २.७, मग ३.८, ४.४, ६ आणि ९० दिवसांपुढच्यांवर ५४. बेरीज ७०.९. कंपनीने ठेवलेली तरतूद ४०.

३०.९ ची तफावत आहे. पहिल्या चार गटांचे टक्के तेच राहिले असतील तर त्यांना १६.९ लागतात, म्हणजे शेवटच्या गटासाठी फक्त २३.१ उरतात. ९० वर २३.१ म्हणजे जेमतेम २६ टक्के. गेल्या वर्षी कंपनी म्हणत होती की ९० दिवसांपुढे रखडलेल्या शंभरातले साठ बुडतात. यंदा तिच्या मते सव्वीसच बुडतात. आणि हे अशा वर्षी, जेव्हा त्या गटातली रक्कम ४५ वरून बरोबर दुप्पट झालीय.

पायरी दोनमध्ये आपण टक्का ६ वरून ४ वर घसरला एवढंच पाहिलं होतं. ती घसरण कुठल्या कोपऱ्यात झाली हे वयाच्या तक्त्याने दाखवलं. हा तक्ता कुठल्याही कंपनीने छापला असेल तर बाकी काही नाही केलंत तरी हे गणित करा. पंधरा मिनिटं लागतात.

तक्त्यातले गट वर्षावर्षाला बदलत नाहीत ना, तेही पाहा. '९० ते १८०' आणि '१८० हून जास्त' असे दोन गट होते आणि यंदा ते 'नव्वदहून जास्त' या एकाच डब्यात कोंबले असतील, तर जुन्या येण्यांचा ढीग नजरेआड होतो. आणखी एक युक्ती जुनीच आहे: थकलेल्या गिऱ्हाइकाला नवी मुदत देऊन त्याचं येणं पुन्हा 'मुदतीत' या गटात आणायचं. त्याचा सुगावा अटी बदलून दिलेल्या येण्यांच्या उल्लेखात लागतो, किंवा चालू येणी आक्रसून दीर्घ मुदतीची येणी अचानक वाढण्यात.

पायरी ६: नफ्यावर किती परिणाम?

तफावत सापडली की तिचं नफ्यात रूपांतर करायचं. दोन रस्ते आहेत आणि उत्तरं वेगळी येतात.

पहिला ढोबळ. पहिल्या वर्षाचा ६ टक्के हा दर कायम धरा. दुसऱ्या वर्षी ४६.२ ची तरतूद हवी होती, ७.७ कमी पडली. तिसऱ्या वर्षी ५९.४ हवी होती, १९.४ कमी पडली. इथे घाई करून तिसऱ्या वर्षाच्या नफ्यातून पूर्ण १९.४ वजा करू नका. त्यातले ७.७ आदल्या वर्षाचे आहेत. तिसऱ्या वर्षाच्या वाट्याला ११.७ येतात. म्हणजे २२० आणि २२६ असा दाखवलेला नफा खरा २१२.३ आणि २१४.३ होतो. सहाची वाढ दोनवर आली.

दुसरा रस्ता वयाच्या तक्त्याचा. दुसऱ्या वर्षीची तरतूद त्या तक्त्याप्रमाणेच होती, म्हणून सगळी ३०.९ ची तूट तिसऱ्या वर्षाची. नफा २२६ चा १९५.१ होतो, आणि वाढीच्या जागी घट दिसू लागते.

मी दुसऱ्या उत्तरावर जास्त भरवसा ठेवतो, कारण त्यात माझं मत कमी आणि कंपनीचे स्वतःचे टक्के जास्त आहेत. पण दोन्ही लिहून ठेवतो. खरा आकडा यांच्या अधेमधे किंवा बाहेरही असेल. आपल्याला दिशा आणि आवाका कळला तरी पुष्कळ.

पायरी ७: निरागस कारणं आधी संपवा

एवढं झालं की गुन्हेगार सापडला असं वाटू लागतं. थोडं थांबा. कमी तरतुदीला सरळ कारणं असू शकतात आणि ती बहुतेक अहवालातच असतात.

येण्यांना विमा किंवा बँक हमी असेल तर ९० दिवस उलटले तरी तोटा लहान राहतो. थकलेलं गिऱ्हाईक एखादं सरकारी खातं असेल तर पैसे रडतखडत येतात, पण येतात. मात्र उशिरा येणाऱ्या पैशाचीही किंमत असते आणि अपेक्षित तोट्याच्या हिशेबात ती धरावी लागते. मोठं एकच गिऱ्हाईक असेल तर सरासऱ्यांना अर्थ राहत नाही. विक्रीच्या १० टक्के किंवा जास्त वाटा असलेल्या ग्राहकांची माहिती विभागवार टिपेत द्यावी लागते, ती तिथे पाहा. कंपनीने वर्षात दुसरी कंपनी विकत घेतली असेल तर तिची येणी रास्त मूल्याने वहीत येतात. जुन्या मालकाची तरतूद सोबत येत नाही. त्यामुळे टक्का घसरतो आणि त्यात लबाडी काहीच नसते.

उलट प्रकारही आहे. कंपनी चांगली येणी एखाद्या वित्तसंस्थेला विकून रोकड उभी करते. मग उधारीचे दिवस सुधारलेले दिसतात आणि मागे राहतात ती न विकली गेलेली येणी. विकलेल्या येण्यांची रक्कम टिपेतून शोधून परत मिळवा आणि दिवस पुन्हा मोजा. पायरी एकमध्ये शेजारी लिहून ठेवलेली बिल न लावलेली रक्कम इथे उपयोगी पडते. येणी स्थिर आणि ती ओळ फुगतेय, असं असेल तर उधारीने फक्त नाव बदललंय.

आणि नियम बदलल्यामुळेही आकडे उडी मारतात. जुन्या आयएएस ३९ मध्ये तोटा झाल्याचा पुरावा दिसल्यावरच तरतूद करायची होती. १ जानेवारी २०१८ पासून सुरू होणाऱ्या वर्षांसाठी आयएफआरएस ९ आलं आणि पहिल्या दिवसापासून, मुदतीतल्या येण्यांवरसुद्धा, भविष्यातला तोटा अंदाजून तरतूद करणं आलं. भारतातलं इंड एएस १०९ त्याच धर्तीचं आहे. अमेरिकेतला तसाच बदल मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना २०२० पासून आणि बाकीच्यांना २०२३ पासून लागू झाला. बदलाच्या वर्षी वाढलेली तरतूद थेट साठवलेल्या नफ्यातून वळती झाली, त्या वर्षीच्या खर्चात दिसलीच नाही. त्यामुळे हालचालीच्या हिशेबात त्या वर्षी एक जास्तीची ओळ असते. पाच-सात वर्षांचा आलेख काढत असाल तर ते वर्ष ठळक करा.

पायरी ८: जास्त तरतूदही तपासा

नवखे फक्त कमी तरतूद शोधतात. जास्त ठेवली म्हणजे कंपनी सावध, असा सर्वसाधारण समज असतो. पण एरवीही वाईट असलेल्या किंवा नफा भरपूर असलेल्या वर्षी तरतूद भरभरून करायची आणि पुढे गरज पडेल त्या वर्षी गुपचूप परत घेऊन नफा फुलवायचा, हाही जुना धंदा आहे. अमेरिकी रोखे आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष आर्थर लेव्हिट यांनी २८ सप्टेंबर १९९८ रोजी न्यूयॉर्क विद्यापीठातल्या भाषणात अशा साठ्यांवर बोट ठेवलं होतं. सुकाळात बिस्किटं बरणीत भरायची आणि दुष्काळात काढून खायची, म्हणून त्यांना 'कुकी जार' म्हणतात. सनबीम या घरगुती उपकरणं बनवणाऱ्या कंपनीवर आयोगाने २००१ मध्ये आरोप ठेवला तो याच प्रकाराचा: १९९६ चा तोटा वेगवेगळ्या तरतुदींनी फुगवायचा आणि १९९७ चा नफा त्यातून सजवायचा. तिथे मामला येण्यांपुरता नव्हता, पण यंत्र तेच.

ओळखायचं कसं? हालचालीच्या हिशेबातच. नवा मुख्य कार्यकारी अधिकारी आला त्या वर्षी खर्चात मोठी रक्कम, पुढची दोन-तीन वर्षं राइट-ऑफ नगण्य, आणि 'परत घेतलेली' ओळ नेमकी त्या वर्षी जाडजूड ज्या वर्षी विक्री ढेपाळली. अशा वेळी परत घेतलेली रक्कम नफ्यातून काढून टाका आणि काय उरतं ते पाहा.

पायरी ९: प्रश्न लिहा

लेखापरीक्षकाच्या अहवालात 'महत्त्वाच्या लेखापरीक्षण बाबी' असा भाग असतो. येण्यांची तरतूद त्यात असेल तर परीक्षकाने नेमकं काय तपासलं ते वाचा. वर्षअखेरीनंतर आलेले पैसे तपासले असं लिहिलं असेल तर ते मोलाचं, कारण येणं खरं होतं याचा त्याहून चांगला पुरावा नाही.

मग कंपनीला विचारायचे प्रश्न कागदावर उतरवा, आकड्यांसकट. 'तरतूद कमी का?' असं विचारलंत तर 'आमची वसुली मजबूत आहे' असं उत्तर मिळेल आणि विषय संपेल. आपल्या कंपनीसाठी मी असं विचारेन: ९० दिवसांपुढची येणी ४५ वरून ९० झाली, तिच्यावरचा टक्का ६० वरून २६ च्या आसपास आलेला दिसतो. या ९० पैकी वर्षअखेरीनंतर आजपर्यंत किती रोख जमा झाले? आणि त्यात पहिल्या तीन गिऱ्हाइकांचा वाटा किती?

उत्तर मिळालं तर तारखेसकट नोंदवा. नाही मिळालं तर पुढच्या वर्षीचा अहवाल आल्या दिवशी थेट तरतुदीच्या हालचालीचं पान उघडा आणि राइट-ऑफची ओळ ४० च्या शेजारी ठेवा.